मानमोडीच्या मागावर मंजुळाबाई

वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालायचा, त्या दिवसांतली ही सोनाळ्याची मंजुळाबाई. जिथं तिथं डोकावून पाहायची तिला भारी खोड. कुणाची कोंबडी आजारी पडली, की बोलावण्याआधी ही हजर. कोंबडी काखेत धरायची, चोच उघडून आत बघायची, हळद-लसणाची गोळी बोटानं घशात ढकलायची आणि पदराला हात पुसत पुढच्या घरी!

त्या उन्हाळ्यात कोंबड्यांत मानमोडी आली. माना वाकड्या करून कोंबड्या गरगर फिरायच्या आणि पडायच्या. मंजुळाबाई औषधाच्या गोळ्या घेऊन घरोघर हिंडली. शेवटी तिचंच खुराडं रिकामं झालं. नेमकी तेव्हाच लेक मनकर्णा माहेरी बाळंत झालेली, अंगात उभं राहायचं त्राण नाही. सुईण बजावून गेली होती, "रोज अंडं चार तिले." आणि मागावं त्या घरी अंडं औषधालासुद्धा उरलं नव्हतं.

मंजुळाबाईला रडू आलं, पण त्याहून जास्त नवल वाटलं. हा रोग फिरतो तरी कसा?

"वारं हाये थे," नवरा पंजाबराव म्हणाला.

मग त्याच वाऱ्यात गोजरबाईचा कोंबडा कसा आरवतो? पाणी म्हणावं, तर सगळ्या कोंबड्या एकाच नाल्यावर. विचार करता करता तिला एकदम आठवलं. गोजरबाईशी कुंपणावरून अबोला होता. गावात तेवढ्याच घरी ती गेली नव्हती.

"अवं माय! रोग नाही, मीच फिरून राह्यली होती!"

तडक निघाली ती गोजरबाईकडे, आणि फाटकापासून लांबच थबकली.

"गोजरबाई, मनकर्णेसाठी अंडे दे व. पन मी आत येत नाही."

"काऊन? माह्या घरात इचू फिरून राह्यले का? इतक्या वर्सानं आली आन् दारातूनच! आत ये, पानी पी, मंग अंडे."

"माह्या पदरात मानमोडी हाये, बाई."

"बहाने नको सांगू मले!"

ही हटेना, ती देईना. तेवढ्यात दाणे मिळतील म्हणून कोंबड्याच फाटकाकडे धावल्या. कोंबडी दिसली की झडप घालणारी मंजुळाबाई लुगडं सावरत उलटी पळाली आणि चिंचेच्या आडून ओरडली, "आवर त्याईले! आपलं भांडन राहू दे चालू, त्याच्यानंच जगल्या त्या!"

गोजरबाई बघतच राहिली. मग तिनं अंड्यांची टोपली फाटकाबाहेर ठेवली आणि कोंबड्यांना हाकलत आत गेली.

"टोपली वापस आनू नको," आतून आवाज आला. "उद्या दुसरी ठेवीन."