खंडेनवमीच्या रेघा

नालछ्याच्या शेतात दरबारी मोजणीदार मानाजी शिर्क्यांनी हद्दीची शेवटची खुंटी ठोकली आणि मान वर केली. खुंटीच्या पश्चिमेला यमुनाबाईचं शेत. तिची विहीर मात्र खुंटीच्या पूर्वेला बारा फुटांवर, शेजाऱ्याच्या हद्दीत.

यमुनाबाई बांधावर उभी होती. एकटी विधवा. सगळा गहू त्या विहिरीवर.

"भिया," ती म्हणाली, "भाटो तो थाका बाप ने गाड्यो थो."

खरं होतं. हद्दीचा दगड मानाजींच्या वडिलांनी, दत्ताजींनी पुरला होता. तो पुढे नांगराखाली गेला. उरला फक्त धार संस्थानचा १८८९ सालचा कागद. दक्षिणेच्या दगडापासून होकायंत्राचे अमुक अंश, साखळीने हजार फूट. मानाजींनी तेच अंश धरले होते, तेवढीच साखळी ओढली होती. वडिलांचंच होकायंत्र होतं.

म्हणजे एक तर वडील चुकले, नाही तर आपण. दत्ताजींची मोजणी चुकली असं धारेत आजवर कोणी म्हटलं नव्हतं. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी तहसीलीत या हद्दीच्या तंट्याची पेशी होती, साहेबांपुढं सुनावणी. मानाजींनी असाच अहवाल दिला असता, तर विहीर गेलीच.

त्यांनी काट्याचं टोक तपासलं. साखळी दोनदा मोजली. काही सापडलं नाही. घरी बायकोनं, भवानीबाईंनी, दोन वेळा न शिवलेलं ताट उचलून ठेवलं.

"अहो, काय होतंय तुम्हांला?"

मानाजी पुन्हा साखळी उलगडायला बसले.

खंडेनवमीला भवानीबाईंचा भाऊ भगवंत देवासहून आला. तिथल्या शाळेत तो विज्ञान शिकवायचा. मानाजींनी होकायंत्राची पूजा केली. मग घरची रीत. पडवीत जोत्यात बसवलेली एक फरशी होती. होकायंत्र तिच्या कोपऱ्यातल्या खुणेवर ठेवायचं, काट्याच्या रोखानं पट्टी धरायची आणि टोच्यानं दोन फुटांची रेघ ओढायची. दत्ताजींनी नोकरी लागल्या वर्षी, १८८७ साली, पहिली रेघ ओढली होती. मरताना म्हणाले होते, रेघ चुकवू नकोस. का, ते सांगितलं नव्हतं. मानाजींनीही विचारलं नव्हतं. पूजेचा भाग असेल, एवढंच.

भगवंत वाकून पाहू लागला. "दाजी, शेवया पाडल्यात की काय फरशीवर?"

"पूजेची चेष्टा नको, भगवंतराव."

"चेष्टा नाही. या रेघा एकावर एक नाहीत. खुणेपाशी एक आहेत, टोकाला फाकल्यात."

त्यानं फूटपट्टी मागितली. पहिल्या रेघेचं टोक पूर्वेला, आजचं पश्चिमेला. मधे अर्धा इंच.

"फरशी हलली असेल," मानाजी म्हणाले.

"जोत्यातली फरशी? काटा हललाय, दाजी. पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड ढवळतंय. त्यात वीज खेळते, त्यातून चुंबकपणा येतो. हल्ली शास्त्रज्ञ असं मानू लागलेत. ढवळणं सारखं नसतं. म्हणून काटाही कायम एका जागी नसतो."

मानाजींनी पहिल्या रेघेवरून बोट फिरवलं. तीस वर्षं त्यांनी त्या काट्यावर शेतांच्या हद्दी ठरवल्या होत्या.

"उद्या उलटाही फिरेल?"

"जुन्या खडकांवरून काही जण म्हणतात, पूर्वी फिरला असावा. तुमच्या-माझ्या हयातीत नाही." भगवंत हसला. मानाजी हसले नाहीत.

"दोन फुटांना अर्धा इंच. हजार फुटांना?" त्यांनी विचारलं.

"जवळजवळ एकवीस फूट. पश्चिमेला."

दसरा कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी मानाजी कुदळ घेऊन नालछ्याला गेले. दत्ताजी हद्दीच्या दगडाखाली टोपलीभर कोळसा पुरत. दगड जातो, कोळसा कुजत नाही. आपल्या खुंटीपासून पूर्वेला एकवीस फूट मोजून मानाजींनी खणायला सुरुवात केली. हातभर खणलं. काळी मातीच. आणखी वीतभर. घाम डोळ्यांत उतरला. हिशेब नुसता कागदावरचा असला तर? यमुनाबाई विहिरीच्या काठावर बसून पाहत होती. त्यांनी खड्डा पूर्वेकडे थोडा रुंद केला. कुदळीला काहीतरी कुरकुरलं. हाताला काळं लागलं. मातीपेक्षा काळं.

मानाजींनी तो कोळशाचा तुकडा बराच वेळ मुठीत धरला. विहीर आता हद्दीच्या अलीकडे होती. यमुनाबाईच्या बाजूला.

"अबे नी सरकेगो?" आता तरी हद्द सरकणार नाही ना, असं तिनं विचारलं.

मानाजींना हो म्हणवेना. त्यांनी जुन्यावर दोन टोपल्या नवा कोळसा ओतला आणि वर दगड बसवला.

पेशीला त्यांनी लिहून दिलं, पहिली मोजणी माझी चुकली. तहसीलदारांनी चष्म्यावरून पाहिलं. "शिर्के, दरबारी काम असंच चालायचं का?"

"नाही साहेब. एक अर्ज आहे. यापुढे नकाशात अंशापुढे साल लिहायची परवानगी द्या."

"अंशाला साल कशाला?"

मानाजींनी होकायंत्र टेबलावर ठेवलं. काटा थरथरला आणि थांबला. साहेबांना तो स्थिर दिसला.

मानाजी मात्र त्याच्यावरून नजर काढेनात.