न चाखलेली बरणी

बोटाएवढी काकडी तोडायला एवढं रामायण घडेल, असं मला माहेरी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावात आमचं लोणच्याच्या काकडीचं शेत होतं. कारखान्याची गाडी येऊन माल घेऊन जायची आणि उरलेली काकडी आप्पा, म्हणजे माझे वडील, घरी मिठाच्या पाण्यात घालायचे. हे काम ते कुणावर सोडत नसत. प्रत्येक काकडीचं देठाकडचं टोक कापायचं, जिभेला लावायचं, थुंकायचं. कडू निघाली तर ती बैलांना. एक कडू काकडी बरणीभर पाणी कडू करते, असं ते म्हणत. मला जरा समज आल्यावर हे चाखायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. घरात माझ्या जिभेला मान होता. तिखट चालायची म्हणून बोलणीही तिलाच बसायची.

मग माझं लग्न गोव्यात मुळगावला झालं. गोवा नुकतंच राज्य झालं होतं. नवरा खाणीच्या गॅरेजात फिटर. घरात सगळे कोंकणी बोलायचे, आरत्या मात्र मराठीत म्हणायचे, आणि माझं "व्हय की" ऐकून सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. आप्पा लग्नानंतर एकदाही इकडे फिरकले नव्हते. खाणीच्या धुळीत पोरगी दिली, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. मे महिन्यात मी माहेरी गेले तेव्हा निघताना त्यांनी बियांची पुडी हातावर ठेवली.

"त्या तांबड्या मातीत काय येतंय बघू तरी," ते म्हणाले. "गणपतीला येतो. लोणचं खाऊ घाल."

त्यांना एकदा ताटावर बसवायचं आणि मी इथे नीट आहे हे दाखवायचं, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही नाही.

परसात मी आळी केली. नवऱ्याने गॅरेजातली जुनी तार आणून मांडव घातला. पावसात खाण बंद असते, त्यामुळे पानांवर धूळ बसायची नाही, आणि वेल असा काही चढला की शेजारणी बघायला यायच्या. श्रावणात पहिल्या काकड्या धरल्या. मी चाकू घेऊन परसात उतरले आणि मागच्या पडवीतून सासऱ्यांची हाक आली.

"गो, तवशें तोडूं नाका! माटोळेक बांदले बगर नवें तवशें आमी तोंडाक लायनांत."

माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. तिला नारळ, सुपाऱ्या, भोपळे, रानातली फळं, आणि वेलावरचं तवशें, म्हणजे काकडी, बांधतात. आमच्या घरात नवी काकडी आधी तिथे, मग माणसांच्या ताटात. नेम जुना होता आणि सासरे नेमाचे पक्के. मी वाद घातला. ही काकडी राहू दिली की पोट सुटतं, पिवळी पडते, वेल पुढे धरत नाही, चवथीपर्यंत सगळा खेळ खलास. "तवशें तें तवशें," एवढं बोलून ते आत गेले. मी दोन दिवस तोंड फुगवून भांडी आपटली.

सोडवलं सासूबाईंनी. भात वेळून पेज काढताना सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "तोंडाक लावंचें न्हय म्हणल्यात तें. तोडूंचें न्हय म्हणून खंय म्हणलां? तोड आनी मिठांत घाल. चवथ जातकच भरणी उगड."

म्हणजे बंदी खायला होती, तोडून चवथीपर्यंत मिठात ठेवायला नव्हती. त्या बाईच्या डोक्याला माझा नमस्कार. सासऱ्यांनी त्यावर थोडा विचार केला आणि होकाराची मान हलवली. मी रोज सकाळी काकडी तोडू लागले. पाणी उकळून गार केलं, मीठ, मोहरीची पूड, ओल्या मिरच्या सगळं मांडलं, पहिल्या काकडीचं टोक कापलं, जिभेपर्यंत नेलं, आणि हात तिथेच थांबला. तोंडाला लावायची नाही!

घरात कुणी नव्हतं. चाखली असती तर कुणाला कळणार होतं? पण आदल्याच आठवड्यात वाऱ्याने मांडव कलला होता, तेव्हा हेच सासरे भर पावसात तो खांद्यावर तोलून उभे राहिले होते आणि नवरा खाली मेढी रोवत होता. माझ्या वेलासाठी चिंब भिजलेल्या माणसाचा नेम त्याच्या पाठीमागे मोडायचा, हे मला काही जमेना. मी टोकं नुसती हुंगली आणि काकड्या बरणीत घातल्या. मध्ये काही दिवस पाऊस दडी मारून बसला, कडक ऊन पडलं. वेलाला असा ताण पडला की काकडी कडू होते, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी रोज न चाखता भरत गेले आणि वर दगड ठेवून फडकं बांधलं.

चवथीला सासऱ्यांनी माटोळी बांधली. मधोमध त्यांनी स्वतः कुंपणावर चढवलेल्या वेलाचं हातभर तवशें होतं, आणि त्याच्या शेजारी केळीच्या सोपात, म्हणजे सालीच्या दोरात, ओवलेल्या माझ्या चार काकड्या. मी सांगितलं नव्हतं, त्यांनी आपणहून बांधल्या होत्या. मला इतका आनंद झाला की आरतीत मी सगळ्यांच्या वर आवाज लावला.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले. पाणीसुद्धा न घेता आधी परसात गेले, पान उलटून पाहिलं, शेंडा पाहिला. "वेल चांगला राखलायस," म्हणाले. आप्पांच्या तोंडून एवढं ऐकायला वर्षं लागतात. मी हवेत होते.

दुपारी पंगत बसली. बरणी उघडली आणि पाहुणे म्हणून आप्पांना पहिली काकडी वाढली. मग सासऱ्यांना. आप्पांनी चावा घेतला आणि चावता चावता त्यांचा जबडा थांबला. मला काय ते कळलं. सासऱ्यांनीही तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि घोटभर पाणी प्यायले.

"चाखली न्हाईस?" आप्पांनी विचारलं.

"न्हाई."

"का?"

"माटोळीला बांधल्याबगर नवी काकडी तोंडाला लावत न्हाईत आमच्यात."

मला वाटलं, आता पंगतीतच बोलणी बसणार, सासऱ्यांच्या नेमाचीही शोभा होणार. पण आप्पांनी ती कडू काकडी शेवटपर्यंत चावून खाल्ली. मग सासऱ्यांकडे वळून म्हणाले, "पोरगी तुमची झाली की, पावणं."

सासरे खूश झाले, आप्पांना आग्रहाने हळदीच्या पानात उकडलेल्या गोड पातोळ्या आणखी वाढायला सांगू लागले. मी वाढायचं भांडं तिथेच ठेवून परसात गेले. लग्नात पाठवणीच्या वेळी मी रडले नव्हते आणि त्यावरून बायकांनी मला नावं ठेवली होती. त्या दुपारी मांडवाखाली उभी राहून मी पोटभर रडले.