दहा वर्षं टिकणारं जाकीट

दौंडच्या फलाटावर मामाने मला कोट घातला, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. १९७० सालच्या डिसेंबरमधली संध्याकाळ होती. खरं तर शिरूरहून मुंबईला जायला दौंडला यायची काही गरज नव्हती, पुण्याची एसटी आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मिळायची. पण आईचं माहेर दौंडचं, मामा तिथल्या लोको शेडमध्ये फिटर, आणि परदेशी निघालेल्या भाचीला गाडीत आपणच बसवायचं हे त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. कोटही त्यानेच मिळवला होता. थंडीतल्या रात्रपाळीला गार्ड घालतात तसला, काळ्या जाड लोकरीचा. एका रिटायर झालेल्या गार्डाकडून.

आईने कोटाची कड मुठीत धरून उचलून पाहिली. ती शिरूरच्या मार्केट यार्डात धान्य निवडायला जायची, त्यामुळे कुठलीही वस्तू आधी हाताने तोलायची. म्हणाली, चांगलं वजन आहे. आमच्याकडे उबेचा हिशोब वजनावर चाले. घोंगडं खांद्यावर घेतलं आणि खांदा दबला नाही, तर ते घोंगडं कसलं?

आबा, म्हणजे माझे वडील, फारसे बोलणारे नव्हते. गाडी हलायच्या बेताला ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "दोन वर्सं काढ आन् ये." मी हो म्हटलं. मला दोन वर्षांचंच काम मिळालं होतं. पुण्यात नर्सिंग करून चार वर्षं नोकरी केली होती आणि कॅनडात नर्सेस हव्या होत्या. एवढाच तो मामला होता. रडारड झाली नाही. मामा तेवढा गाडीबरोबर उगाचच थोडा पळाला.

विनिपेगला पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच त्या कोटाचा निकाल लागला. वजनाने खांदे दुखायचे, आणि वारा मात्र त्यातून असा आरपार जायचा की आपण झिरझिरीत लुगडं गुंडाळून निघालो आहोत असं वाटावं. माझ्या वॉर्डातल्या जोन नावाच्या नर्सने मला एका दुकानात नेलं आणि पिसांचं जाकीट दाखवलं. बदकाची मऊ पिसं आत भरून शिवलेलं. मी ते हातावर घेतलं आणि हसले. त्याला वजनच नव्हतं. जोन म्हणाली, ऊब पिसांत नसते, पिसांत अडकलेल्या हवेत असते. मला ते पटलं, पण जाकीट महाग होतं आणि मला दोनच वर्षं काढायची होती. मी शेजारचं कृत्रिम कापूस भरलेलं स्वस्त जाकीट घेतलं. एका हिवाळ्यातच त्याचा कापूस खाली उतरून कंबरेपाशी गोळा झाला. मग दुसऱ्या वर्षी तसलंच दुसरं.

माझ्यासारखे जे गेले त्यांना हे सांगायला नको. आपण सगळंच असं घेतो. घडीचा पलंग, घडीचं टेबल, दोन पातेली, एक तवा. परत जायचंच आहे, मग कशाला? दोनाची तीन वर्षं झाली, तिनाची पाच. दर खेपेला पत्रात मी कारण लिहायची आणि दर खेपेला ते खरंच असायचं. धाकट्या भावाचं शिक्षण, मग त्याचं लग्न, मग माझी बढती. भाऊ नोकरीला नागपूरला गेला. पंचाहत्तर साली आबा गेले. तार मिळून मी पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

त्यानंतर मी ठरवलं की आईला कायमचं तिकडे न्यायचं. मी ठरवलं म्हणजे ठरलं, असा माझा तेव्हा स्वभाव होता. आईच्या येण्याचे कागद मी तिकडेच तयार केले, शिरूरच्या खोलीच्या मालकाला दिवाळीपर्यंत खोली सोडतो म्हणून कळवलं, आणि सत्त्याहत्तरच्या एप्रिलमध्ये रजा घेऊन आले. बॅगेत पिसांची दोन जाकिटं होती. दोन्ही जोनने वापरायला दिलेली. एक कंबरेपर्यंत, एक गुडघ्यापर्यंत. आई नऊवारी नेसणारी. काष्ट्यावर कुठलं बसतं हे पाहून तिकडे तिला तसलं नवं घ्यायचं, असा माझा बेत होता. अंगाला लावून पाहिल्याशिवाय कपडा घ्यायचा नाही, हे तिनेच मला शिकवलं होतं.

शिरूरचा एप्रिल. पत्रा तापलेला. मामा मुद्दाम दौंडहून आला होता, कारण आईची समजूत घालायला मला साक्षीदार हवा होता. मी दारातच जाकिटं काढली आणि शेजारची ठकूमावशी बाकीच्या दोघीतिघींना घेऊन हजर झाली. ठकूमावशी आईबरोबर यार्डात जायची आणि तिच्या तोंडाला गल्लीतले पुरुषसुद्धा टरकून असत.

"ही गादी अंगात घालत्यात व्हय?" तिने विचारलं.

मी आत पिसं असल्याचं सांगितलं. कशाची? बदकाची. त्यावर ती म्हणाली, मग कोंबडीची घाला म्हणावं, खाटकापुढं ढिगानं पडतात. मी जोनचं हवेचं शास्त्र सांगायला गेले, तर म्हणाली, "म्हंजी हवा घालून हिंडायचं. आक्के, लेक तुला फुगा करून न्यायला आली गं."

सगळ्या हसल्या, आईही हसली. तिने आखूड जाकीट घातलं. पुढून बरं दिसत होतं, पण मागे सगळा काष्टा उघडाच. मग लांब घातलं आणि मी त्यालाच मागे शिवलेली टोपी तिच्या डोक्यावर ओढली. ठकूमावशीने कडाकडा बोटं मोडली. म्हणाली, म्हातारपणी टोपरं आलं नशिबी. मी सांगितलं की उलट हे बरं, डोक्यावरचा पदर वाऱ्याने उडायची भानगड नाही. आईला तो मुद्दा आवडलेला दिसला. घामाने ती निथळत होती, पण तिने चेन वरपर्यंत ओढून घेतली आणि एकदम खाली उकिडवी बसली. जाकीट गुडघ्यांवर ताणलं गेलं.

"ह्यात भांडी कशी घासायची?"

तिकडे कुणी खाली बसत नाही, सगळं उभ्याने, मी म्हटलं. आणि घरात जाकीट घालायचंच नसतं, घर गरम असतं.

"मग दिवसभर हुबंच? आन् तू डूटीवर गेल्यावर बोलायचं कुनाशी?"

मामाने मला कबूल केल्याप्रमाणे तोंड उघडलं. म्हणाला, "आक्का, जा आता. हितं कोन हाय तुझं?"

"तू हायस की दौंडात. का बदली झाली?"

आई उठली, धान्यातला खडा शोधावा तसं शिवणीवरून बोट फिरवत राहिली, आणि सहज विचारल्यासारखं तिने विचारलं, हे टिकतं किती? मला वाटलं, आता गाडी रुळावर आली. मी अभिमानाने सांगितलं, स्वस्तातलं नाही घेणार, चांगलं घेतलं की दहा वर्षं बघायला नको.

आईने चेन खाली ओढली. जाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"मग मला ह्ये नगं. दहा वर्सं टिकनारं घेऊन मी काय करू? एका हिवाळ्याचं आसलं तर बघ."

मी चिडले. चार माणसांत चिडले. तू आजारी पडलीस तर कोण बघेल, मी तिथून पोहोचेपर्यंत काय होतं हे आबांच्या वेळी दिसलं नाही का, कागद काय गंमत म्हणून केले, असं सगळं बोलले. माझं संपल्यावर आईने विचारलं, "तुला हाय का आसलं?"

"नाही."

"का?"

मी म्हटलं, मला काय करायचंय इतकं महागाचं, मला तर परत यायचंच आहे. बोलताना मलाच ते कसंतरी ऐकू आलं. सातवं वर्ष चालू होतं.

आई माझ्याजवळ बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "दोन वर्सं सांगनारं तुझं आबा गेलं. आता मी सांगती. तू दहा वर्सांचं घे. मला उसनं चालंल."

मामा परतीच्या एसटीची वेळ बघून येतो म्हणून उठला, अजून चहासुद्धा झाला नव्हता तरी. ठकूमावशी जाकिटाची घडी घालायला बसली. ती दाबायची आणि ते पुन्हा फुगायचं. शेवटी तिने ते तसंच उशीसारखं भिंतीला टेकवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी घरमालकाकडे गेले आणि खोली सोडत नाही म्हणून सांगून आले.

त्या ऑक्टोबरात आई आली, सहा महिन्यांसाठी. जोनचं लांब जाकीट तिने हिवाळाभर वापरलं, टोपी पदरावरून ओढून. बाथरूममध्ये खाली बसून भांडी घासायची ती घासलीच, मी वाद घालायचं सोडून दिलं. आणि आल्याच्या दुसऱ्याच रविवारी तिने मला त्या दुकानात न्यायला लावलं. माझं जाकीट तिने निवडलं. शिवणी ताणून पाहिल्या, चेन दहा वेळा वरखाली केली, अस्तर उलटं करून पाहिलं. दोन नाकारली. तिसरं, गडद मरून, माझ्या अंगात घालून म्हणाली, "बस खाली." मी इकडेतिकडे पाहिलं. दुकानात भरपूर गोरी माणसं होती. मी त्यांच्या मधोमध उकिडवी बसले. गुडघे मोकळे राहिले. आई म्हणाली, हे घे.

एप्रिलमध्ये ती परत गेली. मामाने तिला मुंबईहून दौंडला नेलं, दोन दिवस ठेवून घेतलं आणि शिरूरला पोहोचवलं. तिसऱ्या दिवशी ती यार्डात कामाला गेली, असं भावाच्या पत्रातून कळलं. मी त्या उन्हाळ्यात लाकडी पलंग घेतला. मग चार माणसं बसतील असं टेबल. पुढच्या वर्षी कारणं लिहिणं मी बंद केलं. पत्रं त्यामुळे बरीच लहान झाली, आणि वाचायला बरी झाली असावीत, कारण आई ती वाचून दाखवणाऱ्या पोराला ठकूमावशीसमोर पुन्हा वाचायला लावायची.

आई जाऊनही आता काही वर्षं झाली. मी अजून दर दोन वर्षांनी शिरूरला जाते. एसटीतून उतरून गल्लीत शिरले की बायका विचारतात, "कवा आलीस?" आणि लगेच, "कवा जानार?" पूर्वी या दुसऱ्या प्रश्नाला मी बघू, अजून ठरलं नाही, असं काहीतरी पुटपुटायची. वाटायचं, खरं सांगितलं तर आपण पाहुणे ठरू. आता सरळ तारीख सांगते. तिकडून निघताना वॉर्डातल्या पोरी विचारतात, परत कधी येणार, त्यांनाही तीच तारीख सांगते.