सुनंदाचा होकार

२००६ च्या दिवाळीत माझ्या बायकोच्या मामांनी ‘सुनंदाचा होकार’ नावाची विनोदी प्रेमकादंबरी स्वतःच छापून घेतली. ती वाचून भिवंडीत कुणी हसल्याची नोंद नाही. मामांवर मात्र निजामपुऱ्यातलं एकूण एक माणूस हसत असे, आणि त्यात मामा स्वतः पुढे असत. इतक्या हसवणाऱ्या माणसानं इतकी गंभीर विनोदी कादंबरी लिहिल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

मामांचं मूळ घर भिवंडीजवळच्या पूर्णा गावातलं. तिथल्या शेतात गोदामं उभी राहिली, पण मामांचा जीव निजामपुऱ्यातल्या वडिलांच्या यंत्रमागाच्या कारखान्यात. जन्म लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना हळू बोलणं म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. एकदा एका मयतीच्या घरी भेटायला गेले असताना त्यांनी, त्यांच्या मते शेजारच्या माणसाच्या कानात, दहाव्याची वेळ विचारली. उत्तर रस्त्याच्या पलीकडच्या दुकानदारानं दिलं. याला मी साक्षीदार आहे. वाचनालयातल्या बाई तर मामा वळणावर दिसताच त्यांचं पुस्तक घेऊन दारात येऊन उभ्या राहत, म्हणजे त्यांना आत यावं लागू नये. मामा आठवड्याला दोन प्रेमकथा वाचत. वाचण्याआधी कापड तपासतात तसं एकेक पान उजेडाकडे धरत आणि अंगठ्याचं नख फिरवत. त्यांचं मत ठरलेलं होतं. ‘‘सगळ्या नायिका एकाच बीमातल्या सुतानं विणलेल्या. गोड बोलतात, गोड हसतात. अशी बाई तुम्ही कदी बघितली हाय का, जावईबापू?’’

म्हणून त्यांनी स्वतःची नायिका निर्माण केली. लिहिण्याची पद्धतही त्यांची स्वतःचीच होती. लूम चालू असतील तरच त्यांना सुचे. शांततेत शब्द पळतात, असं ते म्हणत. ते दिवस भारनियमनाचे होते. लाइट असेपर्यंत मामा लिहीत. लाइट गेली, लूम थांबले आणि गल्लीत कावळ्यांचं ओरडणं ऐकू यायला लागलं, की ते बाहेर ओट्यावर येऊन लिहिलेलं वाचून दाखवत. कामगारांना ड्युटी सोडून जाता येत नसे. एरवी लाइट गेली की निजामपुऱ्यात वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडली जात. मामांच्या ओट्यावर लाइट यावी म्हणून दुवा मागितली जाई.

शेजारच्या कारखान्याचे मालक हसनमियाँ हे मामांचे शाळासोबती. ते रोज चहा घेऊन ऐकायला बसत आणि रोज तक्रार करत.

‘‘दादूस, तुझा हिरो नदीवर बसून एवढं दिल खोलून बोलतो, आणि ही तोंड फिरवते.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? मागच्या धड्यात पण फिरवलं. उद्या निकाहला काझी विचारील, तवा पण भिंतीला सांगेल काय कबूल है?’’

कामगार हसत. मामांना हसण्याचं कारण कळत नसे, पण कादंबरी विनोदी असल्यामुळे ते समाधानानं पुढचं पान उलटत.

हसनमियाँचा आक्षेप खरा होता. सुनंदा एकदा विचारून कुठल्याच प्रश्नाला उत्तर देत नाही. नायक बोलत असताना मध्येच बोलते. आणि तो मनातलं काही सांगायला लागला, की दर वेळी त्याच्यापासून तोंड फिरवून दुसरीकडे बघते. शेवटच्या पानावरचा होकारसुद्धा ती खुंटीवरच्या छत्रीकडे बघत देते. पुस्तक घरी बायकोनं वाचलं, सासूबाईंनी वाचलं. ‘‘नायक बिचारा बरा आहे’’ इतकंच दोघी म्हणाल्या. मामींनी ते वाचलं नव्हतं. ओट्यावर पुरुषमंडळी असत, म्हणून त्या ऐकायलाही येत नसत.

मामी मोजकं बोलणाऱ्या. मी त्यांना आवडत नाही, अशी माझी लग्नापासूनची समजूत होती. मी नमस्कार करून बोलायला लागलो, की त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागत.

पुढच्या वर्षी मामांना ठाण्याच्या एका वाचकमंडळानं बोलावलं. मी वर्तमानपत्रात, म्हणजे साहित्यातला माणूस, अशा समजुतीनं त्यांनी मला बरोबर घेतलं. मंडळाच्या बाईंनी पुस्तक मनापासून वाचलेलं होतं. त्या म्हणाल्या, ‘‘तुमची भाषा जिवंत आहे. माझ्या ओळखीचे एक प्रकाशक हे नव्यानं काढायला तयार आहेत. पण सुनंदा फार उद्धट आहे हो. तो जीव ओवाळून टाकतोय आणि ही मान फिरवतेय. अशा मुलीवर कुणी का प्रेम करावं? तेवढं बदला.’’

मामांनी पुस्तक पिशवीत टाकलं आणि बाईंना नमस्कार केला. परतीच्या एसटीत, कशेळीचा पूल ओलांडल्यावर, त्यांनी मला विचारलं, ‘‘जावईबापू, तोंड फिरवणं उद्धट कसं? ऐकायचं असलं तर माणूस काय करणार?’’

मला समजलं नाही, असं मी म्हटलं.

‘‘एक कान गेला असला, तर चांगला कान बोलणाऱ्याकडे करायला तोंड फिरवावंच लागतं. आमच्या गल्लीत निम्म्या लोकांचं तसंच हाय. लूमच्या बाजूचा कान जातो.’’

‘‘मग सुनंदाला एका कानानं ऐकू येत नाही, असं लिहिलं का नाहीत?’’

‘‘त्यात लिहायचं काय? सुनंदाला दोन पाय होते, असं लिहिलंय का मी?’’

अख्ख्या पुस्तकाला एका वाक्याची गरज होती. ते पहिल्याच प्रकरणात घाला, प्रकाशक आनंदानं छापतील, असं मी सांगितलं. मामांनी नकारार्थी मान हलवली. मग शक्य तितक्या हळू आवाजात, म्हणजे पुढच्या चार सिटांना ऐकू जाईल इतपत, ते बोलले. मामी लहानपणी वडिलांच्या लूमच्या शेडमध्ये कांड्यांवर सूत भरायला बसत. उजवा कान तेव्हाच गेला. मुलगी बघायला मामांकडची मंडळी गेली, तेव्हा प्रत्येक प्रश्नाला ती तोंड वळवून बसली. बाहेर पडल्यावर काका म्हणाले, पोरगी शिष्ट हाय. मामा म्हणाले, मला पसंत हाय.

‘‘मी तितंच वळखलं. पण तिनं कुणाला सांगितलं न्हाय. आजपातूर मलापण न्हाय. तिला वाटतं, मला ठाऊक न्हाय. मी मोठ्यानं बोलतो आणि चालताना तिच्या डाव्या अंगानं चालतो, बस. आता ते वाक्य छापलं, तर आज ना उद्या ती वाचील.’’

‘‘आणि नाही छापलं तर?’’

‘‘तर सुनंदा उद्धट राहील. राहूदे.’’

पुढच्या आठवड्यात मामांनी प्रकाशकाला नकार कळवला. पुस्तक छापून झाल्यावरही ओट्यावर तेच पुन्हा वाचलं जात असे, ते त्यानंतर बंद झालं. लाइट गेली की मामा नुसते बसून राहत. हसनमियाँ दोन दिवस चहा पिऊन परत गेले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘दादूस, वाच ना. तिच्या नावानं शिव्या द्यायची सवय लागली आमाला.’’ मामा हसले, पण उठले नाहीत.

त्या मे महिन्यात एका दुपारी मी कारखान्यावरच्या त्यांच्या घरी जेवायला होतो. मामी खिडकीशेजारच्या झोपाळ्यावर बसल्या होत्या, मामा समोर खुर्चीत. लाइट गेली. खालचे लूम एकेक करून थांबले. मामी म्हणाल्या, ‘‘समदी म्हंतात तुमची सुनंदा लय शिष्ट हाय.’’

‘‘म्हणूदेत.’’

‘‘काय?’’

‘‘म्हणूदेत म्हटलं.’’

‘‘वाचा तरी. मी पण बघते, कशी हाय ती.’’

मामांनी कपाटातून पुस्तक काढलं, पहिलं पान उजेडाकडे धरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि वाचायला सुरुवात केली. मामींनी तोंड फिरवून खिडकीकडे केलं. तिसऱ्या पानावर लाइट आली, खालचे लूम सुरू झाले. मामांनी आवाज चढवला. मी निघालो तेव्हा ते दुसऱ्या प्रकरणात होते, आणि मामींचं तोंड खिडकीकडेच होतं.