आईला एकटं काढू नका

बराकपूर स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत उभा होतो, तेव्हा सुलभावहिनींचा फोन आला. ‘भाऊजी, निघालात का?’ मी म्हटलं, ‘तिकीट काढतोय, तासाभरात सियालदाला उतरतो, तिथून टॅक्सीनं थेट हॉस्पिटल.’ मग त्या म्हणाल्या, ‘आता सावकाश या. धावपळ करू नका.’ एवढंच. मी तिकीट काढलं आणि बाकावर जाऊन बसलो. एक गाडी आली, गेली. दुसरी आली, तीही जाऊ दिली. सावकाश या, असं म्हणाल्या होत्या ना त्या...

केतकी गेली. या गोष्टीला आता काही आठवडे झालेत आणि अजून हे वाक्य लिहिताना ते दुसऱ्या कुणाबद्दलचं वाटतं. तिचे वडील शरद माझे मित्र. ते रेल्वेत अधिकारी, मी बँकेत. दोघेही बदलीवर कोलकात्याला आलो आणि इथलेच होऊन बसलो. त्यांच्या गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये रविवारी दुपारी जेवण झालं की मी बँकेच्या गृहपत्रिकेसाठी व्यंगचित्रं काढत बसे आणि चार वर्षांची केतकी माझ्या कोपराला चिकटून बघत राही. इथंच वाढलेली पोर, तिचं मराठी घरापुरतं. पंखा तिच्याकडे ‘चालू झाली’ आणि खुर्ची ‘मोडला’. एकदा मी तिला म्हटलं, ‘रेघ सरळ काढ गं.’ ती चिडून म्हणाली, ‘काका, मी चेष्टा करते आहे ना!’ शरद हसून हसून बेजार झाले. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. ती बिचारी जीव तोडून प्रयत्न करत होती आणि आम्हाला वाटलं, आमची थट्टा चाललीय.

ती कॉलेजात असताना शरद गेले. मायलेकी बालीगंजला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. केतकी एका जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून लागली आणि काही वर्षांनी तिनं ‘मायलेकी, बालीगंज’ सुरू केलं. फोनवर वाचायची चित्रमालिका, दर रविवारी चार चौकटी. एक आई, शुद्ध मराठी बोलणारी. एक मुलगी, तीन भाषांची मिसळ बोलणारी. त्यांची भांडणं कशावरून, तर भेंडी कुणी चिरायची, मासळीवाल्याला ‘आमच्याकडे चालत नाही’ हे सातव्यांदा कुणी सांगायचं. पुण्या-नागपूरचे, परदेशातले, कुठकुठले मराठी लोक ते वाचायचे. वहिनी मला म्हणायच्या, ‘मला न विचारता माझं नाक एवढं मोठं काढते.’ पण रविवारी सकाळी चष्मा लावून फोन हातात घेऊन त्या तयार असायच्या.

मग गेल्या हिवाळ्यात ताप आला. उतरेना. रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि त्या आजाराचं नाव आमच्या बोलण्यात आलं. वाचणाऱ्यांना तिनं काही कळू दिलं नाही. सलाईनचा हात बाजूला ठेवून दुसऱ्या हातानं ती काढत राहिली. चित्रातली मुलगी पूर्वीसारखीच दाट केसांची, पूर्वीसारखीच उद्धट. मी भेटायला गेलो की वहिनी बाहेर व्हरांड्यात बसलेल्या असायच्या. एकदा डॉक्टर बाहेर आले आणि त्यांच्याकडे न बघता हलक्या आवाजात म्हणाले, ‘आमरा चेष्टा कोरछी.’ आम्ही प्रयत्न करतो आहोत. वहिनींना उत्तम बंगाली येतं, पाव शतक याच शहरात भाजी घेतली आहे त्यांनी. डॉक्टर गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, ‘भाऊजी, तो शब्द आज मला मराठीत ऐकू आला.’

त्याच सुमारास केतकीनं मला विचारलं, ‘काका, एका रविवारी पाहुणे व्हाल?’ मला कळेना. तिनं समजावलं. चित्रमालिका काढणारा आजारी पडला, रजेवर गेला, की त्याचा एखादा मित्र त्याच्या जागी एक पट्टी काढून देतो. पात्रं त्याची, हात मित्राचा. गेस्ट स्ट्रिप म्हणतात त्याला. पुढच्या आठवड्यात औषधांचा मोठा डोस होता, तिला बसवणार नव्हतं. मी म्हटलं, ‘अगं, माझा हात थरथरतो आता.’ ती म्हणाली, ‘थरथरू द्या. पाहुण्याचा हात वेगळा दिसायलाच हवा, नाहीतर लोकांना कळणार कसं?’

मी तीन दिवस खपून पट्टी काढली. मुलीला ऑफिसातून यायला उशीर होतो. आई दारात उभी, आई गॅलरीत उभी, आई परत दारात, आणि चौथ्या चौकटीत मुलगी लिफ्टमधून बाहेर पडत विचारते, ‘जेवायला काय आहे?’ मला ती बरी जमली असं वाटत होतं. कागद घेऊन हॉस्पिटलात गेलो. केतकीनं तो पोटावर ठेवून बराच वेळ पाहिला.

‘हे नको, काका.’

‘का गं? नाक चुकलं?’

‘पहिल्या तीन चौकटींत आई एकटी आहे.’

‘चौथ्यात येतेस की तू.’

‘तोवर ती एकटीच आहे ना,’ ती म्हणाली. ‘आईला एकटं काढू नका.’

घरी येऊन मी तिच्या सगळ्या जुन्या पट्ट्या पाहिल्या. एकाही चौकटीत आई एकटी नव्हती. कुठे मुलीची नुसती वेणी दाराआड, कुठे टेबलाखालून आलेला पाय, पण मुलगी होतीच. इतकी वर्षं दर रविवारी वाचूनही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं हे आजारपणाच्या आधीपासून, अगदी पहिल्या पट्टीपासून पाळलं होतं. शरद गेल्यानंतर केव्हातरी ठरवलं असेल... विचारायचं राहिलं.

मी दुसरी काढली. वीज गेली आहे, दोघी गॅलरीत बसल्यात, हातपंखा एकच. वारा कुणी घालायचा यावर वाद, आणि शेवटच्या चौकटीत दोघी एकमेकींवर रेलून झोपल्यात, पंखा जमिनीवर. केतकी ते बघून हसली. हसताना तिला धाप लागली. ‘नाक चुकलंय,’ म्हणाली, ‘पण असू द्या. पाहुण्याचं नाक.’ तिनं फोनवर कागदाचा फोटो काढला आणि ती पट्टी रविवारी सकाळी आपोआप दिसेल अशी व्यवस्था करून ठेवली. ती आमची शेवटची भेट.

शनिवारी ती गेली. रविवारी सकाळी स्मशानातून आम्ही परत येत होतो. टॅक्सीत वहिनी खिडकीशी, मी शेजारी, आणि माझ्या खिशात फोन सारखा थरथरत होता. ठरल्याप्रमाणे पट्टी दिसू लागली होती आणि तिच्याखालच्या प्रतिक्रिया माझ्या फोनवर येत होत्या. लोक लिहीत होते, आज पाहुणे कोण? किती गोड झोपल्यात दोघी. केतकीला सांगा, रजा मजेत घालव. वहिनींनी विचारलं, ‘कुणाचा फोन?’ मी खोटं बोलू शकलो नाही, फोन त्यांच्या हातात दिला. बालीगंज फाडीचा चौक येईपर्यंत त्या वाचत होत्या. मग फोन परत देत म्हणाल्या, ‘त्यांना इतक्यात नका सांगू. हसताहेत ते. हसू द्या.’

तेराव्यानंतर त्यांनी मला बोलावून घेतलं. ‘पुढची काढा, भाऊजी. तुम्हाला हात माहीत आहे तिचा. चित्रात तरी ती घरी येत राहील.’ मी नाही म्हणू शकलो नाही. कितीतरी दुपारी बसलो. केस जमत, कपडे जमत, उद्धटपणे वर केलेली हनुवटीसुद्धा जमे. एकदा धीर करून वहिनींना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला. ‘मुलगी छान आहे,’ त्या म्हणाल्या. ‘केतकीची कुणी मैत्रीण वाटते.’ त्यांनी पुढे तो विषय काढला नाही. मुलगी माझ्या हातून उतरत नाही, आणि मुलीशिवाय आईला काढायचं नाही. उरलेल्या कागदावर मी काय काढू?

आता ती मालिका उघडली की सगळ्यात वर माझीच पट्टी दिसते. माझी थरथरती रेघ, माझं चुकलेलं नाक. तिच्या हातचं काही बघायचं तर मागे मागे जावं लागतं. पाहुणा म्हणून गेलो आणि घरातलं माणूसच निघून गेलं, दार लावायलाही कुणी नाही. वाचणारे अजून विचारतात, पुढची कधी? हा लेख छापायला वहिनींनी परवा होकार दिला, म्हणून आज वाचणाऱ्यांनाही कळेल. पुढची नाही.

परवा त्यासाठीच बालीगंजला गेलो होतो. वहिनी आत चहा करत होत्या, मी गॅलरीत उभा राहिलो. दोरीवर त्यांच्या दोन साड्या आणि त्यांच्यामध्ये चिमट्याला लावलेला एक काळा हातमोजा, दोनच बोटांचा, करंगळी आणि तिच्या शेजारचं. टॅब्लेटवर काढताना तळवा काचेवर घासू नये म्हणून चित्रकार तसला घालतात. केतकीचा तो कायम घामेजलेला असायचा. वहिनी कप घेऊन आल्या, मी कुठे बघतोय ते त्यांनी पाहिलं.

‘सवयीनं धुतला हो,’ त्या म्हणाल्या. ‘ती गेली त्याच आठवड्यात. कपड्यांबरोबर भिजवला, चोळला, पिळला, आणि दोरीवर घालताना लक्षात आलं, मी काय केलं ते.’

मी त्यांच्या हातातला कप घेतला.

‘आता नुसता साबणाचा वास येतो,’ वहिनी म्हणाल्या. ‘तरी दर रविवारी धुते.’ मग पुढे होऊन त्यांनी मोजा चिमट्यातून सोडवला, दोन्ही बोटं आत हात घालून नीट बाहेर काढली, आणि उन्हाकडे तोंड करून पुन्हा लावला.