जेमतेम समाधानी

खानदेशात माणूस सुखात आहे की नाही, हे त्याला विचारून कळत नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरीही मागच्या हिवाळ्यात मी चांगला पगार घेऊन तेच विचारत फिरले.

जळगावच्या एका पाइप कंपनीत मी मनुष्यबळ विभागात आहे. म्हणजे रजा, वाढदिवसाचे केक आणि भांडणं. दोन-तीन मॅनेजर पाठोपाठ सोडून गेले, तेव्हा धाकट्या शेठना वाटलं की उरलेल्यांचं समाधान मोजून घ्यावं. धाकटे शेठ बाहेर शिकून आलेले. जे मोजता येत नाही त्याने त्यांना अस्वस्थ व्हायला होतं. प्रश्न त्यांनीच काढले. काम, साहेब, जागा, मान, एकेकाला एक ते पाच गुण द्यायचे. एक म्हणजे अजिबात समाधान नाही, पाच म्हणजे काही म्हणता काही तक्रार नाही. नाव लिहायचं नव्हतं, फक्त प्लांट लिहायचा होता.

फॉर्म आले ते सगळे सुतकात भरल्यासारखे. दोन, तीन, दोन. खरेदीचे मॅनेजर रविवारीसुद्धा काहीतरी निमित्त काढून ऑफिसात येऊन बसतात, त्यांचं अक्षर मी ओळखलं, त्यांनीही दोनच दिले. आणि नरडाण्याच्या फॉर्मवर वरपासून खालपर्यंत एक. नरडाण्याला आमचा छोटा प्लांट आहे आणि तिथे मॅनेजर एकच, त्यामुळे नाव न लिहिण्याचा काही उपयोग नव्हता. सगळे त्यांना भाऊ म्हणतात.

धाकटे शेठ हादरले. मनाने चांगला माणूस, म्हणून जास्तच हादरले. एवढा दुःखी माणूस आपण इतकी वर्षं तिकडे टाकून ठेवला, आता त्याला जळगावच्या हेड ऑफिसात आणायचं, एसी केबिन द्यायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. सोमवारी ऑर्डर निघणार होती. त्याआधी भाऊंच्या कानावर घालायला मला पाठवलं.

नरडाण्याला मी उतरले तर भाऊ स्वतः गेटवर उभे. ते अमळनेरला राहतात, रोज गाडीने येतात, गाडीत त्यांचा पत्त्यांचा डाव ठरलेला. प्लांट दाखवताना त्यांनी उन्हाला, वाऱ्याला, विजेला आणि विंचवांना नावं ठेवली. ती ठेवता ठेवता मला लिंबाची झाडं दाखवली. खराब निघालेल्या नळ्या जोडून त्यांनी झाडांना ठिबक केलं होतं. एका कामगाराच्या मुलीचं लग्न कसं जमवलं ते सांगितलं. जेवताना शेंगदाण्याची चटणी वाढून म्हणाले, इथे खायचे फार हाल होतात. त्यांच्या चेहऱ्यावरून तेज नुसतं ओसंडत होतं.

मी बदलीचं सांगितलं आणि त्यांचा घास हातातच राहिला. एरवी ते माझ्याशी शुद्ध मराठी बोलतात, पण माणूस अडचणीत आला की अहिराणीत उतरतो. ही बदली काही करून थांबवा, एवढंच ते म्हणत राहिले. मी चिडून विचारलं, मग पाच का नाही दिले?

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पाच दिधात आनि कोनी नजर लागनी ते?"

माझा राग तिथेच विरला. माझे वडील रावेरकडचे केळीवाले. घडांच्या ओझ्याने झाडं वाकलेली असतात, बांधावर ट्रक उभा असतो, आणि फोनवर विचारावं तर म्हणतात, "कायची बाग, जेमतेम हाये." आमच्याकडे भरल्या घरात सुख कुणी बोलून दाखवत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आमचे मॅनेजर झाले तरी शेवटी याच घरांतले. त्यांच्या दोनचा अर्थ बरं चाललंय, आणि भाऊंच्या एकाचा अर्थ देवालासुद्धा कळू नये इतकं बरं चाललंय.

हे मी धाकट्या शेठना समजावलं. त्यांना ते पटलं नाही. शेवटी म्हणाले, ठीक आहे, भाऊंनी स्वतःच्या तोंडाने सांगावं की मी तिथे समाधानी आहे, मग मी ऑर्डर काढत नाही. त्यांच्या बाजूने हे रास्तच होतं. मी भाऊंना फोन करून तसं कळवलं.

रविवारी शेठांच्या शेतावर कंपनीची भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजत होती, धुराने सगळ्यांचे डोळे लाल. थोरले शेठ, म्हणजे धाकट्यांचे वडील, कांदा-लसूण खात नाहीत, त्यांचं भरीत वेगळं चाललं होतं. भाऊ शेवटी आले आणि कोपऱ्यात वांग्याची सालं काढत बसले. धाकट्या शेठनी सगळ्यांसमोरच विचारलं, भाऊ, नरडाण्याला तुम्ही समाधानी आहात का?

भाऊंचे ओठ हलले. मला वाटलं, आता म्हणतील. पण तो शब्द काही त्यांच्या तोंडातून निघेना. मला त्यांची इतकी कीव आली की मीच ओरडून हो म्हणणार होते.

मग ते उठून थोरल्या शेठसमोर उभे राहिले. "शेठ, तठे भलता तरास शे," ते म्हणाले. "दुसराले कसाले? मीच भोगस. र्‍हाऊ द्या माले तठेच."

धाकट्या शेठनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे बघा, माणूस किती त्रासात आहे. थोरले शेठ मात्र हातातली भाकरी खाली ठेवून भाऊंकडे नीट बघत राहिले. या शेठना त्याआधीच्या दिवाळीत त्यांच्या सोन्याच्या दुकानाबाहेर रांग लागलेली असताना कुणी धंदा कसा आहे विचारलं, तर ते म्हणाले होते, पोट भरतंय कसंतरी.

"त्रास फार आहे म्हणतो," ते मुलाला म्हणाले. "मग दुसरा कोण जाणार तिथे? राहू दे याला."

भाऊ मुकाट्याने पुन्हा सालं काढायला बसले. त्या दिवशी भरीत त्यांनी किती खाल्लं ते मी पाहिलं, आणि मला फार बरं वाटलं.

समाधान मोजायची धाकट्या शेठची हौस अजून फिटलेली नाही. यंदा पुन्हा फॉर्म वाटले. नरडाण्याची लिंबं धरली आहेत असं कानावर आलं होतं. भाऊ अर्थात त्याबद्दल काही बोलले नाहीत. फॉर्म पोचल्यावर मात्र त्यांचा फोन आला. आवाज पडलेला, जवळजवळ कुजबुजत होते.

"ताई," त्यांनी विचारलं, "एकना खाले काहीच नही का?"