झाकणाचं फूल

झाडांच्या नावांच्या पाट्या रंगवायला उतरवताना खोडावर आणि पाटीमागे खडूनं सारखीच खूण करायची, ही त्या धंद्यातली साधी रीत. पण उस्ताद पेंटरला ती सांगणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला काठ धरून चाल म्हणणं. "खुणा शिकाऊ माणसं करतात. माझ्या डोक्यात सगळं छापलंय," म्हणाला, आणि बागेतल्या परदेशी झाडांच्या अख्ख्या रांगेच्या पाट्या उतरवून शेडमध्ये घेऊन गेला.

रंग वाळला. अक्षरं अशी देखणी उठली की बघत राहावं. डोक्यात मात्र काहीच छापलेलं नव्हतं.

दुकानांचे बोर्ड रंगवून पोट भरणारा माणूस. बागेचं काम मिळालं तेव्हा गल्लीत छाती काढून हिंडला होता. उद्या सकाळी बागेच्या प्रमुख, मोठ्या बाई, पाहणीला येणार, आणि एक जरी पाटी चुकली तरी पुढचं काम छापखान्याला, असं त्यांनी तोंडावर सांगितलेलं.

"माळीबुवा, यातली कुठली कुणाची?"

"मी कधी वाचल्यात का त्या? मी पाणी झाडाला घालतो, पाटीला नाही."

शेवटी पाट्यांचा गठ्ठा उचलून, नाक मुठीत धरून तो बागेच्या वाचनालयात गेला. ग्रंथपाल ताई म्हणाल्या, "लागवडीचा नकाशा वाळवीनं खाल्ला. मला ग्रीक-लॅटिन थोडंफार येतं, पण झाडं मला सगळी हिरवीच दिसतात."

"मग उपयोग काय तुमचा?"

"ओरडू नका. पहिली पाटी वाचा."

"मेलाल्यूका."

"ग्रीक आहे. मेलास म्हणजे काळा, ल्यूकोस म्हणजे पांढरा."

उस्ताद ओरडलाच. "बुंधा डांबरासारखा, वरच्या फांद्या चुन्यासारख्या... ताई, आहे! कोपऱ्यात उभंय!"

मग दोघं रांगेतून निघाले. कॅलिस्टेमॉन, म्हणजे सुंदर केसरांचं. त्याची लाल फुलं तर थेट ब्रशासारखी. पेंडुला हे लॅटिन, लोंबणारी. तिच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या. पाटीमागून पाटी जागेवर बसत गेली.

"इतके दिवस ही नावं मी नक्षी समजून काढत होतो," उस्ताद म्हणाला. "आणि ही तर झाडाकडे बोट दाखवतायत!"

एक पाटी उरली, झाडं दोन; एकाला पहिल्यापासून पाटीच नसावी. कॅलिप्ट्रॅन्थिस. "कॅलिप्ट्रा म्हणजे झाकण, अँथोस म्हणजे फूल," ताई म्हणाल्या. दोन्ही झाडं बुटकी, दोन्हींची पानं चकचकीत. झाकण कुठंच दिसेना. ऊन कलायला लागलं होतं.

उस्तादनं शिडी लावली. पहिल्या झाडाच्या कळ्या साध्याच, पाकळ्यांच्या. दुसऱ्याच्या मोहरीएवढ्या. त्यानं डोळा अगदी जवळ नेला आणि श्वास रोखला. कळीच्या डोक्यावर इवलंसं झाकण होतं, एका बाजूला चिकटलेलं, डब्याचं असतं तसं. ते कलंडलं होतं, आणि आतून पांढऱ्या केसरांचा झुबका बाहेर येत होता.

"ताई, चपला काढा आणि वर या."

"पडेन मी."

"मी धरतो ना शिडी! या म्हणतो तर!"

ताई चढल्या, आणि बराच वेळ खाली उतरल्याच नाहीत.

"हे पहिल्यांदा कुणी बघितलं असेल हो?" त्यानं खालून विचारलं.

"कुणास ठाऊक. पण आपल्यासारखंच नाक लावून बघितलं असणार."

त्यानं तार ओवली आणि पाटी हळूच बांधली.

सकाळी मोठ्या बाईंनी रांग बघितली आणि पुढच्या भागाच्या पाट्याही उस्तादलाच सांगितल्या. त्यानं ऐकलं की नाही, देव जाणे. तो शिडीवर होता; आणखी किती झाकणं उघडली ते बघत होता.